मूत्राशय कर्करोगाचा लसीका ग्रंथींतील प्रसार : फलानुमानाचा इतिहास

मूत्राशयाच्या आतील अस्तरात उद्‌भवलेला कर्करोग लसीका वाहिन्यांच्या मार्गाने श्रोणिगुहेतील (कमरेच्या हाडांनी वेढलेल्या, ओटीपोटाच्या तळाच्या पोकळीतील) लसीका ग्रंथींत पोहोचला म्हणजे रुग्णाच्या पुढील आयुष्याविषयी काय सांगता येते, या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत वेळोवेळी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. रोगाचा पुढील क्रम व त्याचा शेवट यांविषयी वैद्य जो अंदाज बांधतो, त्यास फलानुमान म्हणतात. प्रस्तुत रोगाबाबत १९८१ साली न्यूयॉर्क येथून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अहवालात ग्रंथी बाधित असलेल्या रुग्णांपैकी शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७ होते. २००१ साली लॉस अँजेल्स येथील अहवालात ते शेकडा ३१ आढळले. वीस वर्षांतील हा फरक सर्वस्वी उपचारांच्या प्रगतीमुळे पडला, असे मानणे सोपे असले, तरी बरोबर नाही. त्यातील काही वाटा शस्त्रक्रियेचा, काही औषधांचा, काही रुग्णांच्या निवडीचा आणि काही वाटा निव्वळ मोजण्याच्या पद्धतीचा आहे. हे घटक एकमेकांपासून अलग कसे करावयाचे, हाच या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

मूत्राशयाकडून निघणारा लसीका रस प्रथम श्रोणीच्या दोन्ही बाजूंस असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या ग्रंथींत येतो, तेथून वर महारोहिणीच्या दुभंगापाशी असलेल्या ग्रंथींत आणि पुढे अखेरीस रक्तप्रवाहात मिसळतो. त्यामुळे श्रोणीतील ग्रंथी हा रोगाच्या वाटेवरील पहिला नाका ठरतो. रोग त्या नाक्यावरच अडून राहिला आहे की तो ओलांडून यकृत, फुप्फुस व हाडे यांकडे गेला आहे, हे मात्र नाक्याकडे पाहून निश्चित सांगता येत नाही [→ कर्करोग, लसीका तंत्र].

रोग एका जागेवरून दुसरीकडे गेल्यास तो असाध्य होतो, हे निरीक्षण प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार केलेला असून, पूर्वी झालेल्या अर्बुदावर दुसरे अर्बुद उत्पन्न झाल्यास त्यास ‘अध्यर्बुद’ आणि एकाच वेळी वा क्रमाने जोडीने उत्पन्न झालेल्यांस ‘द्विरर्बुद’ अशी नावे दिली आहेत. द्विरर्बुद असाध्य म्हटले आहे. या संज्ञांचा आधुनिक प्रक्षेपाशी (मूळ अर्बुदातील कोशिका दूरच्या जागी रुजण्याशी) तंतोतंत मेळ घालण्याचा मोह टाळणेच बरे. तथापि चिकित्सेस हात घालण्यापूर्वी साध्यासाध्यता ठरविली पाहिजे, हा आयुर्वेदाचा आग्रह आणि आजच्या रुग्णालयातील फलानुमानाची चर्चा यांच्या मुळाशी एकच गरज आहे.

मूत्राशयाच्या आत जिवंतपणी पाहता येऊ लागले, ते माक्स नित्से यांनी १८७९ साली व्हिएन्ना येथे दाखविलेल्या मूत्राशयदर्शकामुळे. १८८७ साली कोलोन येथे बार्डनहॉयर यांनी अर्बुदासाठी संपूर्ण मूत्राशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण दोन आठवड्यांतच मरण पावला. १८९५ साली फ्रँकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लूटव्हिख रेन यांनी फुक्सीन हा रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाची अर्बुदे आढळल्याचे निवेदन केले आणि व्यवसायजन्य कर्करोगाच्या अभ्यासास नवी दिशा मिळाली. १९१० साली एडविन बीअर यांनी मूत्राशयदर्शकातूनच विद्युत् प्रवाहाने अर्बुद जाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लहान व वरवरच्या अर्बुदांचे फलानुमान यामुळे बदलले. खोलवर गेलेल्या रोगाचे बदलले नाही, आणि लसीका ग्रंथींचा स्वतंत्र विचार तर त्या काळी कोणी फारसा करीत नव्हते.

शवपरीक्षेतून मिळालेले उत्तर : हा विचार प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने झाला तो शवागारात. बॉल्टिमोर येथील ह्यू ज्यूएट व जॉर्ज स्ट्राँग यांनी १९४६ साली मूत्राशय कर्करोगाने मृत झालेल्या १०७ व्यक्तींच्या शवपरीक्षांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांची विभागणी अर्बुदाच्या आकारावरून न करता, ते मूत्राशयाच्या भित्तीत किती खोल शिरले आहे यावरून केली. अस्तरालगतच्या थरापुरते मर्यादित असलेल्या अर्बुदांत प्रसाराची एकही खूण आढळली नाही. स्नायुस्तरात शिरलेल्यांपैकी शेकडा १३ आणि स्नायुस्तर भेदून बाहेरच्या मेदात गेलेल्यांपैकी शेकडा ७४ व्यक्तींत प्रसार झालेला होता. पहिल्या गटात अवघ्या तीन व्यक्ती होत्या, हे येथे सांगितले पाहिजे. पाठ्यपुस्तकांत उद्‌धृत होणारे ते ‘शून्य’ तीन जणांचे आहे. असे असले तरी मूळ निष्कर्ष पुढील पाऊणशे वर्षे टिकला. खोली वाढते तशी ग्रंथी बाधित होण्याची शक्यता वाढते, आणि म्हणून अर्बुद स्नायूत शिरण्यापूर्वी ओळखणे हा फलानुमान सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो.

१९५० हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लेडबेटर व कूपर यांनी मूत्राशयासह श्रोणीतील लसीका ग्रंथी एकाच वेळी काढण्याचे तंत्र वर्णिले आणि यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा एक तुकडा वेगळा करून त्याद्वारे मूत्र पोटाच्या भित्तीवरील छिद्रातून बाहेर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मूत्राशय काढल्यावर मूत्र कोठे न्यावे, हा प्रश्न त्यापूर्वी अनेक रुग्णांच्या जिवावर बेतत असे. शस्त्रक्रिया सुसह्य झाल्यावरच काढलेल्या ग्रंथींत काय आहे आणि तो रुग्ण पुढे किती जगतो, यांची सांगड घालणे शक्य झाले.

ही सांगड प्रथम निराशाजनकच होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील विलेट व्हिटमोर यांचे नाव या कालखंडाशी निगडित आहे. स्मिथ व व्हिटमोर यांनी १९८१ साली दिलेल्या अहवालात ६६२ रुग्णांपैकी १३४ जणांच्या ग्रंथी बाधित होत्या आणि त्यांपैकी पाच वर्षे जगणारे शेकडा ७ होते. अशा रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया करून त्यांच्या अखेरच्या महिन्यांत आणखी यातनांची भर का घालावी, असे पुष्कळ शस्त्रवैद्यांस वाटे, व पोट उघडल्यावर ग्रंथी वाढलेल्या दिसताच ते पुन्हा शिवून टाकण्याचा प्रघात होता. या प्रघातामुळे फलानुमान स्वतःच स्वतःला खरे ठरवीत असे. शस्त्रक्रिया अर्धवट सोडलेला रुग्ण दगावे आणि त्याचा मृत्यू पुढच्या रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रिया न करण्याचे कारण होई.

या विचारास १९८२ साली डॉनल्ड स्किनर यांनी छेद दिला. श्रोणीतील ग्रंथी काळजीपूर्वक व संपूर्ण काढल्या, तर ग्रंथी बाधित असलेल्यांपैकीही शेकडा ३६ रुग्ण पाच वर्षे जगतात, असे त्यांनी दाखविले. त्यांच्याच संस्थेतून स्टाइन व सहकाऱ्यांनी २००१ साली १,०५४ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत ग्रंथी बाधित असलेले २४६ होते. रोग पुन्हा न उद्‌भवता पाच वर्षे पार करणारे त्यांपैकी शेकडा ३५ आणि दहा वर्षे पार करणारे शेकडा ३४ होते. या दोन आकड्यांतील जवळीक लक्षणीय आहे. जो रुग्ण पाच वर्षे निभावला त्याला रोग पुन्हा गाठण्याची भीती फारच कमी उरते, असा तिचा अर्थ होतो. एकत्रित सरासरीच्या आकड्यात ही गोष्ट दडून जाते. त्याच वर्षी हर व डोनाट यांनी नुसत्या डोळ्यांना वाढलेल्या दिसणाऱ्या ग्रंथी काढलेल्या ८४ रुग्णांचा वृत्तांत दिला, त्यांपैकी सु. एक-चतुर्थांश दीर्घकाळ जिवंत राहिले. पोट पुन्हा शिवून टाकण्याच्या प्रघातास यानंतर आधार उरला नाही.

गणनेचा प्रश्न : बाधित ग्रंथींची संख्या फलानुमान ठरविते हे सर्वमान्य झाल्यावर एक अडचण पुढे आली. किती ग्रंथी बाधित सापडतात, हे किती ग्रंथी शोधल्या यावर अवलंबून असते. शस्त्रवैद्याने सहा ग्रंथी काढल्या व त्यांत एक बाधित निघाली, आणि दुसऱ्याने तीस काढल्या व त्यांतही एकच बाधित निघाली, तर दोन्ही रुग्णांचे वर्गीकरण एकच होईल. त्यांचे भवितव्य मात्र एक नाही. म्हणून स्टाइन यांनी २००३ साली बाधित ग्रंथींचे तपासलेल्या एकूण ग्रंथींशी असलेले प्रमाण विचारात घेतले. हे प्रमाण शेकडा २० वा त्याहून कमी असलेल्यांत दहा वर्षे रोगमुक्त राहणारे शेकडा ४३, तर त्याहून जास्त असलेल्यांत शेकडा १७ आढळले.

येथे एक संख्याशास्त्रीय फसवणूकही संभवते. समजा, एका शाळेत हुशार व कच्च्या मुलांच्या दोन तुकड्या आहेत. हुशारांच्या तुकडीत सर्वांत मागे असलेली दोन मुले दुसऱ्या तुकडीत बसविली, तर पहिल्या तुकडीची सरासरी वाढते; आणि ती दोन मुले कच्च्यांतील बहुतेकांहून बरी असल्याने दुसऱ्या तुकडीचीही वाढते. एकाही मुलास एकही गुण जास्त मिळालेला नसतो. ग्रंथी अधिक बारकाईने तपासल्यावर नेमके हेच होते : पूर्वी ‘निरोगी ग्रंथी’ गटात गेले असते असे काही रुग्ण ‘बाधित’ गटात येतात आणि दोन्ही गटांचे जगण्याचे प्रमाण सुधारलेले दिसते. ॲल्व्हन फाइनस्टाइन यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संदर्भात १९८५ साली या आभासाकडे लक्ष वेधले व त्यास विल रॉजर्स या अमेरिकन विनोदकाराचे नाव दिले. १९८१ ते २००१ या काळात दिसलेल्या सुधारणेचा काही भाग या आभासाचा असला पाहिजे.

ग्रंथी मोजणाऱ्याचे, म्हणजे विकृतिवैज्ञानिकाचे, महत्त्व यातून स्पष्ट होते. महाराष्ट्रात या शास्त्राची कर्करोगाशी गाठ घालून देणारे वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली. पुढे पुणे, तत्कालीन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथेही अशा नोंदण्या झाल्या आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदणीस प्रारंभ झाला.

अशा नोंदणीचा एक नियम नाशिकच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. लोकसंख्याधिष्ठित नोंदणीत ठरलेल्या क्षेत्रातील रहिवाशांचीच गणना होते. नाशिक, सिन्नर वा येवल्याहून रेल्वेने वा एस. टी.ने परळला येऊन मूत्राशय काढवून घेतलेला रुग्ण त्या रुग्णालयाच्या दप्तरात राहतो, परंतु मुंबईच्या नोंदणीत येत नाही. उपचारानंतर तो गावी परततो. पुढील तपासणीस काही वेळा येतो, काही वेळा येत नाही. तो पाच वर्षांनी जिवंत होता किंवा नाही, हे कळले नाही म्हणजे त्याचा अनुभव कोणत्याच शेकडेवारीत उतरत नाही. अशा रुग्णास जे फलानुमान सांगितले जाते, ते मुख्यत्वे न्यूयॉर्क व लॉस अँजेल्स येथील रुग्णांच्या आयुष्यावरून काढलेले असते.

तंबाखूचे धूम्रपान हे मूत्राशय कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. रेन यांच्या रंगकामगारांना ज्या वर्गातील रसायनांमुळे हा रोग झाला, त्याच वर्गातील ॲरोमॅटिक अमाइने तंबाखूच्या धुरातही असतात व ती मूत्रावाटे बाहेर पडताना मूत्राशयाच्या अस्तराशी तासन्‌तास संपर्कात राहतात. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे गाव विडी उद्योगासाठी अनेक दशके प्रसिद्ध आहे. हा धोका प्रामुख्याने विडी ओढणाऱ्यास असतो. विडी वळणाऱ्या स्त्रियांना होणारे अपाय वेगळ्या प्रकारचे आहेत आणि दोहोंची गल्लत होऊ नये. मूत्रातून वेदनेशिवाय रक्त जाणे, हे या रोगाचे पहिले व पुष्कळदा एकमेव लक्षण असते. ते काही दिवसांनी आपोआप थांबते, आणि ‘उष्णता वाढली’ असे म्हणून सोडून दिले जाते. याच अवधीत अर्बुद ज्यूएट यांच्या पहिल्या गटातून तिसऱ्या गटात जाते.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत असते. क्ष-किरण संगणकीय छेदचित्रणात (सीटी स्कॅनमध्ये) ग्रंथी बाधित आहे की नाही हे तिच्या आकारावरून ठरविले जाते. मोठी झालेली ग्रंथी कर्करोगाचीच असते असे नाही. आपल्याकडे ती क्षयरोगाचीही असू शकते, व पेट स्कॅनमध्ये देखील क्षयाची ग्रंथी कर्करोगासारखीच उजळून दिसते. उलट, नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीत कर्ककोशिका दडलेल्या असू शकतात. म्हणून चित्रणातील ग्रंथीवरून रुग्णास शेवटच्या अवस्थेचा ठरविण्यापूर्वी सुईने वा शस्त्रक्रियेने घेतलेला ऊतकाचा नमुना तपासणे आवश्यक असते.

औषधांचा काळ : सिसप्लॅटिन या प्लॅटिनमच्या संयुगाचा मूत्राशय कर्करोगावर परिणाम होतो हे १९७० नंतरच्या दशकात दिसून आले. १९८५ साली कोरा स्टर्नबर्ग व सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्झेट, व्हिनब्लास्टिन, डॉक्सोरुबिसिन व सिसप्लॅटिन या चार औषधांच्या मिश्रणाचे परिणाम प्रसिद्ध केले. २००० साली जेमसिटाबीन व सिसप्लॅटिन ही जोडी ४०५ रुग्णांच्या चाचणीत जगण्याच्या दृष्टीने जवळपास तेवढीच परिणामकारक व अधिक सुसह्य ठरली. त्याच रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीत, यकृत, फुप्फुस इ. अंतस्त्यांत रोग गेलेल्यांपैकी पाच वर्षे जगणारे शेकडा ६·८, तर तसा प्रसार नसलेल्यांत शेकडा २०·९ आढळले. प्रसार ग्रंथींपुरताच असेल तर शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या अवस्थेतही पाचांपैकी एकाचे भवितव्य इतरांहून वेगळे असते. सिसप्लॅटिनची अडचण अशी की, ते मूत्रपिंडे चांगली असल्याशिवाय देता येत नाही. आणि या रोगात मूत्रवाहिनी अडून मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण पुष्कळ असतात. शस्त्रक्रियेपूर्वी औषधे दिल्याने जगण्याची मुदत वाढते, असे २००३ साली ३१७ रुग्णांच्या चाचणीत दिसले (मध्यक ७७ महिने, केवळ शस्त्रक्रिया केलेल्यांत ४६).

ग्रंथी काढल्याने रुग्ण जगतो की ज्यांच्या ग्रंथी काढता आल्या ते मुळातच जगणारे होते, हा प्रश्न तोवर अनिर्णित होता. तोंडाच्या कर्करोगाबाबत त्याचे उत्तर परळ येथूनच मिळाले. मानेतील ग्रंथी आरंभीच काढल्यास तीन वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६७·५ वरून ८० वर जाते, असे टाटा स्मारक रुग्णालयाच्या चाचणीने २०१५ साली सिद्ध केले. मूत्राशयाच्या बाबतीत महारोहिणीच्या दुभंगापर्यंतच्या ग्रंथी काढल्याने असाच लाभ होईल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व कॅनडातील ५९२ रुग्णांच्या चाचणीत, पाच वर्षे रोगमुक्त राहणारे विस्तृत शस्त्रक्रियेत शेकडा ५६ व नेहमीच्या शस्त्रक्रियेत शेकडा ६० होते. विस्तृत शस्त्रक्रियेत उपद्रवही अधिक झाले. श्रोणीतील ग्रंथी नीट काढणे पुरेसे आहे, त्यापलीकडे जाण्याने रुग्णाचे हित साधत नाही, असा याचा अर्थ होतो. स्किनर यांचा आग्रह यामुळे खोटा ठरला नाही. त्याची हद्द निश्चित झाली.

या सर्व अनुभवाचे प्रतिबिंब वर्गीकरणात पडले. २०१७ पर्यंत प्रचलित असलेल्या अमेरिकन वर्गीकरणात श्रोणीतील एकही ग्रंथी बाधित निघाल्यास रुग्ण चौथ्या अवस्थेत गणला जाई. २०१८ पासून अमलात आलेल्या आठव्या आवृत्तीत श्रोणीतील एकच ग्रंथी बाधित असल्यास तिसरी अवस्था (पहिला उपविभाग), आणि एकाहून अधिक किंवा त्यांच्या वरच्या पातळीवरील ग्रंथी बाधित असल्यास तिसरी अवस्था (दुसरा उपविभाग) मानतात. त्यापलीकडच्या ग्रंथी मात्र चौथ्या अवस्थेतच राहिल्या. ज्या अहवालावर पूर्वी ‘चौथी’ लिहिले गेले असते त्यावर ‘तिसरी’ लिहिले जाणे, हे आपल्याकडे निव्वळ कागदोपत्री नसते. चौथी अवस्था म्हटल्यावर उपचारासाठी शेत वा दागिना मोडावा की नाही याचा घरात पुन्हा विचार होतो, आणि रुग्णाला काही न सांगण्याचे ठरते.

अलीकडच्या काळात प्रतिरक्षा यंत्रणेस (शरीराच्या संरक्षण यंत्रणेस) कर्ककोशिकांविरुद्ध मोकळे करणाऱ्या औषधांनी फलानुमान पुन्हा हलविले आहे. मूत्राशय काढल्यानंतर निव्होलुमॅब दिलेल्या रुग्णांत रोग परतेपर्यंतचा मध्यक काळ २०·८ महिने, तर न दिलेल्यांत १०·८ महिने होता, असे ७०९ रुग्णांच्या चाचणीतून २०२१ साली दिसले. त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास रुग्णांच्या ग्रंथी बाधित होत्या. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या वा दूरवर पसरलेल्या रोगात एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन व पेम्ब्रोलिझुमॅब यांच्या जोडीने जगण्याची मध्यक मुदत १६·१ महिन्यांवरून ३१·५ महिन्यांवर नेली (८८६ रुग्ण, २०२४). तीन-चार दशकांत औषधांनी एवढी झेप घेतली नव्हती. ही औषधे फार महाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून (२०१७ पूर्वी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना) शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा व नेहमीची रासायनिक चिकित्सा यांचा भार उचलला जातो. त्यामुळे वरील नवे आकडे कोणत्या रुग्णास लागू आहेत, हे रोगाच्या अवस्थेइतकेच त्याच्या ऐपतीवरही ठरते.

राज्यातील वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिक येथे स्थापन झाले. मूत्ररोग शल्यचिकित्सा व विकृतिविज्ञान यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा त्यात समावेश होतो. ग्रंथी किती काढाव्यात व काढलेल्या मेदातून त्या कशा शोधाव्यात, हे शल्यचिकित्सेच्या व विकृतिविज्ञानाच्या विद्यार्थ्यास टेबलापाशीच शिकावे लागते. काही ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात व मेदात बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात. नाशिकच्या रुग्णाच्या हाती शेवटी येणाऱ्या अहवालात तपासलेल्या ग्रंथींचा एक आकडा व बाधित ग्रंथींचा दुसरा असे दोन आकडे असतात. घरची माणसे दुसराच आकडा वाचतात. पहिला आकडा चार-पाच एवढाच असेल, तर दुसऱ्या ठिकाणी लिहिलेल्या शून्यावर फारसे विसंबता येत नाही. आणि तो तीस असेल, तर दुसऱ्या ठिकाणच्या एकाने धीर सोडण्याचे कारण नसते.